पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधलं घरगुती एन्क्रिप्शन काढून प्रमाणित लायब्ररी बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावातल्या टिळकवाडीत एक लहान सॉफ्टवेअर फर्म आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पतसंस्थांना आणि सौहार्द सहकारी संस्थांना ती ठेव, कर्ज आणि पिग्मीचं (रोज दारोदार गोळा होणाऱ्या छोट्या ठेवीचं) सॉफ्टवेअर पुरवते. शाखेत व्हीबी डॉट नेटचा प्रोग्रॅम, मुख्य कचेरीत जावाचा सर्व्हर आणि मायएसक्यूएल, पिग्मी एजंटांच्या फोनवर ॲन्ड्रॉइड ॲप. सभासदांची नावं, मोबाइल, आधार क्रमांक सगळं एन्क्रिप्ट केलेलं आहे, पण ती पद्धत फर्मच्या संस्थापकांनी २००९ साली स्वतः लिहिलेली. आता एका मल्टिस्टेट संस्थेच्या सिस्टीम ऑडिटरने शेरा मारलाय की प्रमाणित क्रिप्टोग्राफिक मोड्यूल, म्हणजे तपासून प्रमाणपत्र मिळालेली एन्क्रिप्शनची तयार लायब्ररी, वापरा. हे खरंच गरजेचं आहे का, कोणती लायब्ररी घ्यावी, आणि शाखा बंद न ठेवता बदल कसा करावा, असं विचारलंय.

बदल गरजेचा आहे आणि पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखा नाही. पण लायब्ररी बदलली की काम संपलं, असं मनात असेल तर ते आधी काढून टाका. प्रमाणित लायब्ररी सायफरच्या, म्हणजे मजकूर झाकण्याच्या गणिती पद्धतीच्या, आतल्या चुकांपासून वाचवते. किल्ली कुठे ठेवायची आणि पंधरा-सोळा वर्षांचा जुना डेटा नव्या रूपात कसा आणायचा, हे तिच्या हातात नसतं. आपल्या भागातल्या संस्थांत मी जे घोटाळे पाहिले ते बहुतेक या दोन ठिकाणचेच होते. म्हणून लायब्ररीच्या नावांवर थोडं आणि या दोन गोष्टींवर जास्त लिहितो.

आधी गरजेचं का, ते. तुम्ही लिहिलंय की नावाचा रकाना ४० बाइटचा आहे, नाव संपल्यावर उरलेली जागा स्पेसने भरली जाते, आणि त्या ४० बाइटवर १६ अक्षरी किल्ली पुन्हापुन्हा एक्सॉर होते, म्हणजे दोन्हींचे बिट जोडीने ताडून सारखे तिथे ० आणि वेगळे तिथे १ लिहिला जातो. समजा किल्ली अशी आहे: मलप्रभा नदीचं नाव इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर कॅपिटल, मग ॲट द रेटचं चिन्ह, २००९ आणि शेवटी हॅश. बरोबर १६ अक्षरं. सभासदाचं नाव १३ अक्षरांचं असेल तर पुढे २७ स्पेस राहतात. स्पेसचा ॲस्की कोड (संगणकात अक्षराला दिलेला आकडा) ३२. इंग्रजी कॅपिटल आणि लहान अक्षरांच्या कोडातला फरकही नेमका ३२, एकाच बिटाचा. त्यामुळे स्पेसशी एक्सॉर झालेली किल्ली टेबलात अशी उमटते की पहिलं एम लहान होतं आणि नावातली पुढची सगळी अक्षरं कॅपिटल होतात. म्हणजे नदीचं नाव जवळजवळ प्रत्येक सभासदाच्या ओळीत उघड्या डोळ्यांनी वाचता येतं. त्यासाठी प्रोग्रॅम फोडावा लागत नाही, बॅकअपची एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी पुरतं. आणि त्या फाइली शाखेत पेन ड्राइव्हवर फिरत असतात हे तुम्हाला माहीत आहे.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. एक्सॉरने मजकूर झाकला जातो, पण कोणी तो बदलला तर कळत नाही. ॲस्कीत १ आणि ९ या अंकांत एकाच बिटाचा फरक आहे. डेटाबेसला हात लावू शकणारा माणूस किल्ली माहीत नसतानाही रकमेच्या रकान्यातला एक बिट उलटवून १,००० चे ९,००० करू शकतो. डिक्रिप्ट केल्यावर प्रोग्रॅम तो आकडा निमूट स्वीकारतो. सभासदाच्या पैशाशी संबंध असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे चालू ठेवता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्यात एक्सॉरशिवाय अक्षरं फिरवणं, उलटवणं असलेही टप्पे आहेत आणि ते बाहेर कोणाला माहीत नाहीत. केर्कहॉफ्स या क्रिप्टोग्राफीच्या अभ्यासकाने १८८३ मध्ये लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था टिकली पाहिजे, गुप्त असावी ती फक्त किल्ली. ऑफिसांच्या दारांवरच्या मायफेअर क्लासिक कार्डांतला क्रिप्टो-१ हा सायफर कंपनीने वर्षानुवर्षं गुप्त ठेवला होता. संशोधकांनी चिपचा अभ्यास करून तो उलगडला, आणि २००८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या लोकांनी ही कार्डं मोडून दाखवली. तुमचा प्रोग्रॅम तर डॉट नेटचा आहे. तो डिकंपाइल करायला फुकट टूल मिळतात आणि त्यात तुमचं फंक्शन जवळपास लिहिलं तसंच दिसतं, किल्लीसकट.

आता 'प्रमाणित' म्हणजे काय. ऑडिटरच्या मनात बहुधा एफआयपीएस १४० आहे. हे अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेचं मानक. तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा करतात आणि प्रमाणपत्र निस्ट आणि कॅनडाची सायबर सुरक्षा संस्था मिळून देतात. १४०-२ ही आवृत्ती २००१ ची, १४०-३ ही २०१९ ची. १४०-२ खालची प्रमाणपत्रं २१ सप्टेंबर २०२६ नंतर सक्रिय यादीत राहत नाहीत, ती 'हिस्टॉरिकल' यादीत जातात. तेव्हा नवीन काम १४०-३ धरूनच करा. आपल्याकडे पतसंस्थेने एफआयपीएस वापरावंच, असा कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यात एन्क्रिप्शन, मास्किंग असे उपाय करा असं म्हटलंय, पण कोणत्या मानकाचं नाव नाही. मात्र पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि उद्या डेटा फुटला तर 'आम्ही घरी लिहिलेली पद्धत वापरत होतो' हे कोणापुढेही टिकणार नाही. तसं एफआयपीएस आपल्या लोकांना अगदी परकं नाही. संस्थेचे सचिव रिटर्न भरताना जो डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावतात, त्याला याच मानकाच्या लेव्हल २ ची अट आहे.

प्रमाणपत्र मिळतं ते एका ठरावीक मोड्यूलच्या ठरावीक व्हर्जनला, ठरावीक प्रकारच्या मशीन आणि ऑपरेटिंग सिस्टीमवर, आणि सोबतच्या 'सिक्युरिटी पॉलिसी'त लिहिलंय तसं चालवलं तरच. ओपनएसएसएल ही सर्व्हरवर सर्रास असणारी लायब्ररी, पण 'ओपनएसएसएल प्रमाणित आहे' हे वाक्य अर्धवट आहे. प्रमाणित असतो तो त्यातला एफआयपीएस प्रोव्हायडर, म्हणजे प्रत्यक्ष एन्क्रिप्शन करणारा सुटा भाग. ३.१.२ या व्हर्जनच्या प्रोव्हायडरला २०२५ मध्ये १४०-३ चं प्रमाणपत्र मिळालं, आणि तो प्रोव्हायडर ओपनएसएसएल ३ च्या पुढच्या व्हर्जनसोबतही चालवता येतो. १.१.१ ला ओपनएसएसएल प्रकल्पाने स्वतःचं एफआयपीएस मोड्यूल कधी दिलंच नाही आणि तिचा मोफत सांभाळ सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. सर्व्हरवर ती असेल तर आधी ती काढा. शिवाय प्रोव्हायडर नुसता इन्स्टॉल करून भागत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये एफआयपीएसची अट घातली नसेल आणि साधा प्रोव्हायडरही लोड होत असेल, तर लायब्ररी गुपचूप साध्या प्रोव्हायडरमधून काम करून देते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. तपासायची सोपी युक्ती म्हणजे एमडी५ मागून बघा. ही हॅश (मजकुराचा उलट न फिरणारा ठसा) काढायची जुनी, एफआयपीएसला मान्य नसलेली पद्धत. मिळालं, तर मोड चालू नाही.

तुमच्या तीन ठिकाणांसाठी माझी शिफारस अशी. जावा सर्व्हरला बाउन्सी कॅसल या लायब्ररीची एफआयपीएस जार (जावाची पॅकेज फाइल) घ्या. नेहमीची बाउन्सी कॅसल जार वेगळी, तिला प्रमाणपत्र नाही. दोन्ही एकाच क्लासपाथवर (प्रोग्रॅम लायब्ररी शोधतो त्या यादीत) ठेवू नका आणि फक्त मान्य पद्धती चालू देणारा 'अप्रूव्ह्ड ओन्ली' मोड चालू करा. शाखेतल्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं सीएनजी (विंडोजमधलीच एन्क्रिप्शनची सोय) वापरा, वेगळी डीएलएल बसवायची गरज नाही. पण डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ मध्ये एईएस-जीसीएमचा (एईएस सायफरच्या, छेडछाड पकडणारा टॅगही देणाऱ्या मोडचा) क्लासच नाही, तो डॉट नेट कोअर ३.० पासून आला. शाखेचा प्रोग्रॅम इतक्यात नव्या डॉट नेटवर नेणार नसाल, तर एईएस सीबीसी मोडमध्ये (यात छेडछाड आपोआप कळत नाही) आणि त्यावर एचमॅक-शा-२५६ (किल्लीने काढलेला पडताळणीचा ठसा) वापरा. क्रम चुकवू नका. आधी एन्क्रिप्ट, मग सायफरटेक्स्ट (झाकलेला मजकूर) आणि आयव्ही (सुरुवातीचा यादृच्छिक आकडा) दोन्हींवर एचमॅक. उघडताना आधी एचमॅक तपासा, जुळला तरच डिक्रिप्ट. दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. हा क्रम उलटा केला की पॅडिंग ओरॅकलचा हल्ला, म्हणजे मजकुराच्या शेवटची भर बरोबर की चूक या उत्तरांवरून तो उघडणं, शक्य होतो. व्होदने या संशोधकाने तो २००२ मध्ये मांडला आणि २०१० मध्ये एएसपी डॉट नेटलाच त्याचा फटका बसला. नावात 'मॅनेज्ड' असलेले जुने क्लास, म्हणजे रायन्डॉल-मॅनेज्ड आणि त्याची भावंडं, काढून टाका. ती प्रमाणित मोड्यूलमधून जातीलच याची खात्री नसते.

लिबसोडियम ही लायब्ररी चांगली आहे का, असंही तुम्ही विचारलंय. चांगली आहे, मला आवडते, तिच्यात चूक करायला जागा कमी आहे. पण तिला एफआयपीएस प्रमाणपत्र नाही, आणि तुमच्यापुढे ऑडिटरचा शेरा आहे. तो नसता तर मी तिचंच नाव सुचवलं असतं.

लायब्ररीच्या कोडाला हात लावू नका. मेमरी तपासणारं टूल वॉर्निंग देतंय म्हणून डेबियन या लिनक्समध्ये २००६ साली ओपनएसएसएलमधला थोडासा कोड काढला गेला, आणि २००८ पर्यंत त्या मशीनवर तयार झालेल्या किल्ल्या प्रत्येक प्रकाराला सुमारे ३२ हजार शक्यतांत येऊन बसल्या. तुमच्याकडेही यादृच्छिक आकड्यांचा प्रश्न असेलच. २००९ चा मूळ कोड व्हीबी ६ मधून आला असेल तर त्यात यादृच्छिक आकडे देणारं आरएनडी फंक्शन असणार. त्याची अंतर्गत अवस्था फक्त २४ बिटांची, म्हणजे सगळे मिळून १ कोटी ६७ लाख पर्याय. त्यातून बनवलेली कोणतीही किल्ली, ओटीपी किंवा पासवर्ड रीसेट कोड आजच्या लॅपटॉपवर क्षणात काढता येतो. कोडात हे शब्द शोधा: एक्सॉर, आरएनडी, एमडी५, आणि डीईएस, ईसीबी या जुनाट पद्धती. आणि डेटाबेसपुरतं पाहू नका. लायसन तपासणारा भाग, एसएमएस गेटवेला जाणारी फाइल, ऑडिटरला देताना बनणारी एक्सपोर्ट, पावतीवरचा क्यूआर कोड, या सगळ्यांत तेच जुनं फंक्शन वापरलेलं सापडतं.

आता किल्ल्यांचं. नवी एईएस-२५६ किल्ली घेऊन तीही प्रोग्रॅममध्येच लिहिली, तर १६ अक्षरांच्या जागी ३२ बाइट आले, एवढाच फरक पडला. सगळ्या संस्थांना एकच किल्ली असेल तर निपाणीच्या संस्थेतला एक रुसलेला कर्मचारी चिकोडीच्या संस्थेचा डेटा उघडू शकतो. प्रत्येक संस्थेला वेगळी मुख्य किल्ली हवी, तिच्याखाली डेटाच्या किल्ल्या, आणि डेटाच्या किल्ल्या मुख्य किल्लीने गुंडाळून डेटाबेसमध्ये. मुख्य किल्ली एचएसएममध्ये (किल्ली बाहेर न देणाऱ्या खास उपकरणात) असली तर उत्तमच. मोठ्या क्लाउड सेवांच्या किल्ली-व्यवस्थापनामागे प्रमाणित एचएसएम असतात आणि लहान संस्थेला तोच मार्ग परवडतो. पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला शाखा असेल तर पावसाळ्यात तिथे नेट आणि वीज दोन्ही रोज गृहीत धरता येत नाहीत. प्रत्येक व्यवहाराला क्लाउडकडे किल्ली मागायची रचना केली तर शाखा उघडणारच नाही. त्या शाखेसाठी डेटाची किल्ली शाखेच्या मशीनवरच टीपीएमने (मशीनमधल्या सुरक्षा चिपने) गुंडाळून ठेवा, म्हणजे हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावली तर ती उघडणार नाही. क्लाउडकडे जायचं ते किल्ली बदलताना आणि मशीन बदलताना.

आणि मशीन जळलं तर? याचा विचार आधी करून ठेवा, कारण जुनी पद्धत कितीही कच्ची असली तरी तिच्यात डेटा कायमचा हरवायची भीती नव्हती. नव्या पद्धतीत किल्ली गेली की डेटा गेला, तुम्हीसुद्धा काही करू शकत नाही. मुख्य किल्लीची प्रत दोन भागांत करा, एकट्या भागातून काहीच निघणार नाही अशी. एक भाग अध्यक्षांच्या ताब्यात, दुसरा व्यवस्थापकांच्या, दोन्ही सीलबंद पाकिटात आणि वेगवेगळ्या जागी. संचालक मंडळाला हे समजवायला वेळ लागत नाही, कारण रोकड तिजोरी दोघांच्या किल्ल्यांनीच उघडते, ही जॉइंट कस्टडी त्यांच्या अंगवळणी आहे. पाकिटं दिल्याचा ठराव प्रोसिडिंगमध्ये घ्या. पदाधिकारी बदलले की पाकिटं तपासून पुन्हा सील करा. आणि एकदा तरी खऱ्या अर्थाने त्या दोन भागांतून किल्ली परत बनवून, दुसऱ्या मशीनवर बॅकअप उघडून बघा.

एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची रचना अशी ठेवा: १ बाइट व्हर्जन, ४ बाइट किल्लीचा क्रमांक, १२ बाइट नॉन्स (दरवेळी नवा आकडा), मग सायफरटेक्स्ट, शेवटी १६ बाइट टॅग (छेडछाड पकडणारा ठसा). ही जीसीएमची मापं आहेत. सीबीसी-एचमॅकला आयव्ही १६ बाइटचा आणि एचमॅक ३२ बाइटचा धरा, आणि त्याला वेगळा व्हर्जन आकडा द्या. पहिले पाच बाइट फुकट वाटतील, पण पुढची सगळी सोय त्यांच्यावर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये निस्टने क्वांटम संगणकापुढे टिकतील अशी पहिली मानकं जाहीर केली. पाच-सात वर्षांनी आणखी काही बदलायचं आलं, तर व्हर्जनचा आकडा वाढवून काम होईल, आजच्यासारखी खोदकामाची वेळ येणार नाही.

रकान्यांची लांबी इथेच तपासा. ४० बाइटचं नाव वरच्या जीसीएमच्या रचनेत ७३ बाइट होतं आणि बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) १०० अक्षरं. जुना रकाना ४० चाच राहिला आणि मायएसक्यूएल ढिल्या मोडमध्ये असेल, तर ते पुढचा भाग कापून नुसती वॉर्निंग देतं. टॅग शेवटी असतो, म्हणजे नेमका तोच जातो, आणि ती नोंद पुन्हा कधीच उघडत नाही. आधी रकाने रुंद करा, स्ट्रिक्ट मोड चालू करा, मगच पहिली ओळ लिहा.

जीसीएममध्ये जोड-माहिती देता येते. ती झाकली जात नाही, पण टॅगमध्ये धरली जाते. तिथे संस्थेचा कोड, टेबलाचं नाव, रकान्याचं नाव आणि सभासद क्रमांक घाला. नाही घातलं तर एखादा माणूस एका खात्याची एन्क्रिप्टेड शिल्लक उचलून दुसऱ्या खात्यात जशीच्या तशी चिकटवू शकतो आणि टॅग बरोबरच निघतो. ही पळवाट बंद करायला कोडाच्या दोन ओळी लागतात.

शोधाचा प्रश्न येणारच. जुन्या पद्धतीत एका मोबाइल नंबरचं रूप दरवेळी तेच असायचं, म्हणून काउंटरवरचा क्लार्क नंबर टाकून खातं काढू शकत होता. नव्या पद्धतीत दरवेळी नवा नॉन्स, म्हणून दरवेळी वेगळं रूप. त्यासाठी एक जास्तीचा रकाना करा आणि त्यात नंबराचा एचमॅक-शा-२५६ ठेवा, स्वतंत्र किल्लीने. किल्ली नसलेला साधा शा-२५६ हॅश नको. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. ग्राफिक कार्ड तेवढे हॅश सेकंदांत काढतं. आधार क्रमांकाचंही तेच. आणि आधारचा पूर्ण क्रमांक तुम्हाला लागतोच का, हे संस्थेला विचारा. बहुतेक ठिकाणी शेवटचे चार अंक पुरतात. जो क्रमांक ठेवलाच नाही तो फुटत नाही.

नावावरून शोधताना आपल्या भागात एक खास अडचण आहे, बाहेरच्या लेखांत ती सापडत नाही. 'कुऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये तीन प्रकारे टाइप झालेलं मिळतं: नुक्त्यासह तयार ऱ, साधा र आणि वेगळा नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर फारसा फरक दिसत नाही, पण बाइट वेगळे, म्हणून एचमॅक वेगळा, म्हणून खातं सापडत नाही. एचमॅक काढण्याआधी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक एकसारख्या रूपात आणा. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, त्याच्यासाठी हाताने नियम लिहावा लागतो. कन्नड नावांतही न दिसणारे जोडक येतात, तेही त्याच वेळी तपासा.

याहून जुन्या नोंदी तर युनिकोडमध्ये नसतीलच. मराठी नावं श्री-लिपीच्या फॉन्टात, कन्नड नावं नुडीच्या फॉन्टात, असं एकाच टेबलात मिश्रण असतं. जुनं डिक्रिप्ट केल्यावर जे मिळेल ते बाइट म्हणूनच धरा आणि बाइट म्हणूनच पुन्हा एन्क्रिप्ट करा. मध्ये कुठे स्ट्रिंग केली तर १२७ च्या वरचे बाइट विद्रूप होतात आणि सभासदाचं नाव कायमचं जातं. फॉन्टवरून युनिकोडवर जाणं हे चांगलं काम आहे, पण ते वेगळं काम आहे. दोन्ही एकाच रात्री करू नका.

पासवर्ड एन्क्रिप्ट करायचेच नसतात, त्यांचा मुद्दाम संथ केलेला हॅश ठेवायचा असतो. ॲडोबीने ग्राहकांचे पासवर्ड ट्रिपल डीईएसने ईसीबी मोडमध्ये ठेवले होते. २०१३ मध्ये ती फाइल फुटली तेव्हा सारखे पासवर्ड सारखे दिसत होते, आणि लोकांनी स्वतः लिहिलेल्या सूचनांवरून ते ओळखता आले. पीबीकेडीएफ२, एचमॅक-शा-२५६ सह, प्रत्येकाला वेगळा सॉल्ट (यादृच्छिक भर), ६ लाख फेऱ्या, ही ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या संस्थेची शिफारस आहे आणि ती प्रमाणित मोड्यूलमध्ये मिळते. आर्गन२ जास्त मजबूत आहे, पण एफआयपीएसच्या मान्य यादीत नाही. जुने एमडी५ हॅश असतील तर कर्मचारी लॉगिन करेपर्यंत थांबू नका. तो हॅशच पीबीकेडीएफ२ मध्ये घालून आजच्या आज गुंडाळा, लॉगिन झालं की सरळ नवा बनवा.

प्रत्यक्ष बदल असा करा. पहिल्या टप्प्यात शाखांचे प्रोग्रॅम दोन्ही रूपं वाचू शकतील, पण जुनंच लिहितील. सगळ्या शाखांत, शेवटच्या मशीनपर्यंत, हे व्हर्जन पोचल्याची खात्री झाली की दुसऱ्या टप्प्यात लिहिणं नव्या रूपात. हा क्रम मोडला तर एक शाखा नवीन लिहिते आणि दुसरीला वाचता येत नाही. मग डे-एन्ड झाल्यावर रात्री थोड्याथोड्या ओळी बदलत जायचं. प्रत्येक ओळीला बदलल्यानंतर लगेच नव्या रूपातून परत वाचून, जुन्या मजकुराशी बाइट-बाइट ताडून बघायचं, जुळलं तरच पक्कं करायचं. सकाळी शाखा उघडायच्या आधी तेरीज काढा. रकमा एन्क्रिप्टेड असतील तिथे आदल्या दिवसाची तेरीज आणि आजची सुरुवात पैशापर्यंत जुळली पाहिजे. मार्चमध्ये हे काम काढू नका, आणि गणपती-दिवाळीच्या आधी पिग्मी मोडायला गर्दी असते तेव्हाही नाही.

सगळ्या ओळी झाल्या की जुनं वाचणं बंद करा. इथेच लोक थांबतात, कारण सगळं चालू असतं आणि कोणी तक्रार करत नाही. पण जुनं रूप वाचणारा दरवाजा उघडा असेपर्यंत हल्लेखोर व्हर्जनचा बाइट बदलून जुन्या पद्धतीतली खोटी नोंद घुसवू शकतो, आणि तुमची नवी लायब्ररी तिच्याकडे बघणारच नाही. जुनं फंक्शन वेगळ्या छोट्या टूलमध्ये न्या, त्यातून एन्क्रिप्ट करणारा भाग काढा, फक्त जुने बॅकअप उघडण्यापुरतं मुख्य कचेरीत ठेवा. शाखांतले जुने बॅकअप गोळा करून नव्या किल्लीने बंद करा आणि पेन ड्राइव्ह पुसा. ते राहिले तर वर सांगितलेलं मलप्रभेचं नाव अजून तिथे आहेच.

संस्थापकांना हे कसं सांगायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. त्यांना आधी सोबत घ्या. २००९ मध्ये व्हीबीत काम करणाऱ्या लहान फर्मपुढे चांगले मार्ग हाताशी नव्हते, आणि त्यांनी निदान डेटा उघडा ठेवला नाही. शिवाय कोणत्या संस्थेला मध्येच किल्ली बदलून दिली होती, कोणत्या शाखेत जुनं व्हर्जन राहिलं, एका रकान्यात दोनदा एन्क्रिप्शन का आहे, याची उत्तरं कोडात नसतात, त्यांच्या डोक्यात असतात. जुनं टूल त्यांनाच लिहायला सांगा.

ऑडिटरला देताना 'आमचं सॉफ्टवेअर एफआयपीएस प्रमाणित आहे' असं लिहू नका, ते खरं नाही. लिहा: अमुक भागात अमुक मोड्यूल, अमुक व्हर्जन, प्रमाणपत्र क्रमांक अमुक, मान्य मोडमध्ये चालवलं जातं, अमुक सिस्टीमवर. सोबत किल्ल्यांची व्यवस्था आणि जुनं वाचणं बंद केल्याची तारीख. चांगला ऑडिटर याच गोष्टी शोधतो. मोड्यूलमध्ये दोष सापडून दुरुस्ती आली आणि दुरुस्त व्हर्जनला प्रमाणपत्र अजून नसेल, तर दुरुस्ती घ्या आणि ते लेखी कळवा. शिक्क्यासाठी भोक उघडं ठेवायचं नाही.

पिग्मी ॲप मी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलंय, कारण ते सगळ्यात शेवटीच बदला. सर्व्हरशी बोलताना घरगुती एन्क्रिप्शन पूर्ण काढून टीएलएस १.३ (ब्राउझर वापरतात ती सुरक्षित जोडणी) ठेवा, आणि सर्टिफिकेट तपासणी बंद करणारा कोड कोणी चाचणीसाठी घालून विसरलाय का ते शोधा. फोनवरच्या नोंदींची किल्ली ॲन्ड्रॉइड कीस्टोअरमध्ये बनवा, बाहेर निघणार नाही अशी. नॉन्स मोजणीने बनवू नका. एजंटाचा फोन बिघडतो, तो जुना बॅकअप टाकतो, मोजणी मागे जाते, आणि जीसीएममध्ये एका किल्लीखाली तोच नॉन्स दुसऱ्यांदा वापरला गेला की दोन्ही मजकुरांचा परस्परसंबंध उघडा पडतो आणि खोटे टॅग बनवण्याचा मार्ग मोकळा होतो. नॉन्स दरवेळी यादृच्छिक घ्या. निस्टची मर्यादा एका किल्लीला २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९ कोटी संदेशांची आहे, एजंट तिथवर पोचत नाही. ऑडिटरला फोनवरही प्रमाणित मोड्यूलच हवं असेल तर ते ॲपसोबत वेगळं द्यावं लागतं, फोनमधलं जे आहे त्यावर तसा दावा करता येत नाही. आणि नवं ॲप सोडायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक एजंटाची न पाठवलेली जमा सर्व्हरवर आली का, हे नावानिशी तपासा. जुन्या किल्लीने बंद झालेली दिवसभराची वसुली नव्या ॲपला उघडता आली नाही, तर ती पावत्यांवरून हाताने भरावी लागते, आणि काही सभासदांनी पावती ठेवलेली नसते.